उधव्याची गॅसबत्ती

आमच्या डहाणूच्या घरातली मागची खोली गॅसबत्त्यांची आहे. सकाळी ऊन थोडं वर आलं की शेजारच्या वाडीतल्या चिकूच्या पानांतून गाळून ते खिडकीतून आत येतं आणि एकेका बत्तीच्या काचेवर बसतं. मग भिंतींवर आणि छतावर उजेडाचे डाग हलायला लागतात. खाडीच्या पाण्याखाली बसून वर बघावं, तसं काहीसं वाटतं. मी चहाचा कप घेऊन तिथे बसते आणि बहुतेक वेळा चहा गार होतो. फार काही विचार करत असते असंही नाही. नुसती बघत असते.

एक स्वीडनची आहे, पितळेची, कंबर बारीक असलेली. एक जर्मनीची, निकेल चढवलेली, तिच्यात अजून तोंड दिसतं. इंग्लंडची एक लष्करी हिरव्या रंगाची, तिचा रंग जागोजागी उडालाय. अमेरिकेची बुटकी आहे, टोपी घातलेल्या मुलासारखी. चीनची आहे, पोर्तुगालची आहे. आमचे हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने फळ्या ठोकून दिल्या, पण बोलायचं सोडलं नाही.

"अगं, लोक घरात देव मांडतात. तू बत्त्या मांडल्यास."

"मग तुम्ही नमस्कार करा," मी म्हणते.

एकदा, मी बघत नाही असं वाटून, त्यांनी जर्मनीच्या बत्तीत बघून भांग पाडला होता.

मी नर्स होते. सरकारी नोकरीत पहिली नेमणूक झाली ती सायवनच्या आतल्या बाजूला, एका उपकेंद्रावर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे करवंदीच्या जाळ्या. वीज होती, पण पाहुण्यासारखी यायची आणि कुणी बसा म्हणायच्या आत निघून जायची. तिथे लाकडी खोक्यात एक गॅसबत्ती होती. ती पेटवायला मला तिथल्या शिपाईमामांनी शिकवलं. आधी वाटीत स्पिरिट ओतायचं, ते पेटवून वरची नळी तापू द्यायची, मग चावी आवळून पंप मारायचा. घाई केली तर बत्ती रागावते, असं ते म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी घाई केली. ज्वाळा भपकन छताकडे गेली आणि मी अंगणात पळाले. मामा आतून शांतपणे म्हणाले, "या आत. रागावून झालं तिचं."

पण नीट पेटली की काय व्हायचं! मेंटल म्हणजे धाग्याची एवढीशी पिशवी, जळून राख झालेली, बोट लागलं तरी मोडणारी. तीच राख आधी लालसर व्हायची, मग पिवळी, आणि मग एकदम दुधासारखी पांढरी. सूं असा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज इतका एकसारखा असायचा की थोड्या वेळाने ऐकूच यायचा नाही. नुसतं जग थोडं लांब गेल्यासारखं वाटायचं.

त्या उपकेंद्रावर मी एकटीने केलेलं पहिलं बाळंतपण त्याच बत्तीच्या उजेडात झालं. निदान मी तसंच सांगत आले. संध्याकाळची वेळ. जवळच्या पाड्यावरची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. माझ्यापेक्षा वयाने लहानच. लांब डोंगराच्या पायथ्याशी कुणीतरी तारपा वाजवत होतं. मुलगी झाली. तिचं ओलं जावळ, स्टीलचा ट्रे, आणि सगळ्यावर तो पांढरा उजेड. इतका स्वच्छ, की मला वाटलं, आता आयुष्यात कधीच काही लपून राहणार नाही. चित्र कायमचं डोळ्यांत बसलं.

पुढे बदल्या झाल्या. कासा, मग तलासरी, मग डहाणू. उपकेंद्रावर इन्व्हर्टर आला आणि ती बत्ती मोडक्या खुर्च्यांबरोबर कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही. मी चौकशी करायला गेले तेव्हा खोकं तेवढं होतं, त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

गोळा करणं त्यानंतर सुरू झालं असावं. ठरवून नाही. एका चिकूच्या वाडीत मजुरांच्या मुलांना डोस द्यायला गेले होते. वाडीची मालकीण इराणी म्हातारी बाई, पायाला गाऊट, पण गळ्यात मोत्यांची माळ. फळं भरायच्या शेडमध्ये खिळ्याला एक बत्ती लटकत होती, धुळीने काळी. मी तिच्याकडे बघत राहिले आणि एका मुलाचा डोस हातातच राहिला.

"शूं जोए छे?" बाईने विचारलं, काय बघतेस म्हणून. मग माझी नजर कुठे आहे ते बघून मराठीत म्हणाली, "ती स्वीडनची हाय. माझ्या सासऱ्याने आणलेली. तेव्हा वाडीत वाघ यायचा ने, म्हणून झाडाला टांगायचे. आता वाघ पण नाय, सासरा पण नाय. तू लई जा, दीकरा."

"फुकट नको," मी म्हटलं.

"मग पेटवून दाखव एकदा."

मी घरी नेऊन ती घासली, चिंचेने, मग राखेने. आतलं पितळ वर आलं तेव्हा सकाळ झाल्यासारखं वाटलं. वाडीत नेऊन पेटवली. बाई खुर्चीतून उठली नाही, पण हळूच गुजरातीत काहीतरी गुणगुणायला लागली आणि तिच्या अंगावर चिकूच्या पानांच्या सावल्या हलत राहिल्या. निघताना तिने बत्ती पुन्हा माझ्या हातात दिली.

मग बत्त्या येत गेल्या. वापीच्या भंगारवाल्यांकडे मोडलेल्या बोटींचं सामान यायचं, त्यात चीनची आणि अमेरिकेची मिळाली. पोर्तुगालची मिळाली दमणला. तिथल्या एका म्हाताऱ्याची मुलं-नातवंडं सगळी परदेशी गेलेली, घर विकायला काढलेलं. त्याने ती बत्ती जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली, तान्ह्या बाळाला ठेवतात तशी. म्हणाला, पोर्तुगीज होते तेव्हा हिच्या उजेडात आम्ही पत्ते खेळायचो, आणि माझी बायको नेहमी लबाडी करून जिंकायची. बायको आता नव्हती. परतीच्या वाटेवर समुद्र डाव्या हाताला होता की उजव्या, तेही मला आठवत नाही, इतकी मी त्या पत्त्यांच्या डावात बसून होते.

रविवारी दिवेलागणीला आम्ही मागच्या अंगणात त्यातली एखादी पेटवतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, मेंटल तर मागवावी लागते. तरी पेटवतो. प्रत्येक बत्तीचा आवाज वेगळा. स्वीडनची हलकी शीळ घालते, इंग्लंडची घोरते.

तर, वाणगावच्या एका शाळेने मला बोलावलं. मुलांनी बल्बच्या आधीचे दिवे पाहिले नाहीत, म्हणून चार-पाच बत्त्या घेऊन या आणि थोडं बोला. मी गेले. बत्ती पेटवून दाखवली, आणि नेहमीप्रमाणे सायवनकडच्या त्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. तारपा, पांढरा उजेड, मुलीचं जावळ. मुलं ऐकत होती, काही जांभया देत होती. कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षिका माझ्याजवळ आली. हिरवी साडी, केसांत अबोली. ती बराच वेळ बत्त्या पुसायला मदत करत राहिली आणि मग खाली बघतच म्हणाली, "मॅडम, ती मुलगी मी असेन."

मी हातातली काच खाली ठेवली.

"माझा जन्म आजोळी झाला, सायवनजवळ. आई सांगते, नवीन सिस्टर होती, बारीक अंगाची, आणि बाहेर तारपा वाजत होता. आमचं गाव उधवा. आई तिथेच असते."

मी तिच्या केसांकडे बघितलं. दाट होते, मध्ये एखादा पांढरा. आम्ही दोघींनी मिळून एकच काच दोनदा पुसली.

निघताना ती म्हणाली, "आईकडेपण आहे एक अशी बत्ती. माळ्यावर पडलीये. तुम्हाला हवी असेल तर आई देईल. या ना एकदा."

आम्ही गेलो ते पौष महिन्यातल्या एका रविवारी. हे गाडी चालवत होते. हायवे ओलांडून तलासरी मागे टाकली आणि उधव्याचा रस्ता लागला तशी ऊन आणि धुकं एकमेकांत मिसळली. भात कापून झालेली शेतं, मध्येच ताडाचं झाड, बांधावर गाय. पुढे गुजरात लागतो, पण तो नेमका कुठून सुरू होतो ते तिथल्या गाईंना काही माहीत नसतं. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात वॉशर, पिना, मेंटल, स्पिरिटची बाटली. बत्ती आणायला जाताना मी ती नेहमी नेते.

शिक्षिका फाटकाशी उभी होती. घर नवीन, स्लॅबचं, पण अंगण शेणाने सारवलेलं. तिची आई ओट्यावर बसून वाल सोलत होती. मला वाटलं होतं, मी तिला ओळखेन. नाही ओळखलं. लहानखुरी, सुरकुतलेली बाई, मान किंचित एका बाजूला कललेली. तिने मात्र मला बघितलं आणि सुपातले वाल बाजूला सारले.

"शिस्टर बाय, जाड झाल्या."

"वय झालं ना, मावशी," मी हसून म्हटलं. मावशी का म्हटलं कोण जाणे. तिच्यापेक्षा मीच मोठी होते.

बत्ती ओट्यावर काढून ठेवली होती. इथलीच, आपल्या देशात बनलेली, अगदी साधी. टाकीला पोचे, काचेचा एक तुकडा गेलेला, आणि बुडाला काळ्या कापडाची चुंबळ अजून चिकटून. ती चुंबळ बघून मी विचारलं, "ही डोक्यावरची?"

"माझ्याच डोक्यावरची," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लग्नाच्या आधीपासून ती डहाणूला वरातींच्या बत्त्या वाहायला जायची. पाड्यावरच्या चार-पाच जणी टेंपोने जायच्या. बँडवाला पुढे, नवरदेव घोड्यावर, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया. लगीनसराईत रोज. पुढे जनरेटरच्या गाड्या आल्या तेव्हा बँडवाल्याने बत्त्या विकायला काढल्या आणि हिला म्हणाला, तुझी तू घेऊन जा.

"वरात बघायला मिळायची का?" ह्यांनी विचारलं.

"कशी मिळंल, भाऊ? मान हलवायची नाय. पायाखालचा रस्ता बघायचा. उजेड समदा वरातीवर, माझ्या अंगावर टाकीची सावली. आन् कानावर तो आवाज. सूं, सूं. घरी येऊन निजले तरी कानात चालूच."

मी सहज म्हटलं, "आणि तुमची मुलगीही बत्तीच्याच उजेडात झाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नाय," ती म्हणाली.

"नाही कशी? मी पेटवली होती. मला चांगलं आठवतंय."

"पेटवली व्हती. मग मी म्हटलं, शिस्टर, ती भायेर न्या. तिचा आवाज आला का मान दुखायची माझी. मना वाटलं, बाळत व्हायला आले तरी वरात चालूच हाय." ती हसली. तिचे पुढचे दात गेले होते. "तुमी काय बोलल्या नाय. उचलली नि ओट्यावर नेऊन ठेवली. आन् कंदील आणला. कंदिलातच झाली ही."

शिक्षिका आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. ओट्याच्या कडेला बसून मी ती संध्याकाळ पुन्हा बघायचा प्रयत्न केला. पांढरा उजेड होता. ट्रे होता. मग हळूहळू दार उघडं दिसलं, आणि तो पांढरा उजेड दाराबाहेरून जमिनीवर लांब पडलेला दिसला. आत मात्र सगळं मधासारखं पिवळं होतं आणि कोपरे काळोखात होते. ते मला खरंच आठवलं, की तिने सांगितलं म्हणून दिसलं, मला आजही सांगता येत नाही. आता दोन्ही संध्याकाळी माझ्याकडे आहेत. गंमत म्हणजे दोन्हींत तारपा वाजतो.

"मग इतकी वर्षं मी कंदील गोळा करायला हवे होते," मी म्हटलं.

हे मोठ्याने हसले. मग मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि सुके बोंबील होते. जेवण झाल्यावर तिने बत्ती माझ्यासमोर सरकवली. "घेऊन जा तुमी. पण जायच्या आधी एकदा पेटवा. मी समोर बसून बघणार. जल्मात कधी समोरून बघितली नाय."

दुपारभर आम्ही दोघं अंगणात बत्तीच्या मागे लागलो. पंपातला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता. तो तेलात भिजवला. ह्यांनी पिनेने नोझल साफ केलं, टाकीच्या तळाशी बसलेला गंज हलवून हलवून काढला. मी नवीन मेंटल बांधली. शिक्षिकेने शेजारून थोडं रॉकेल मागून आणलं. मध्येच पंपाची दांडी अडकली तेव्हा हे म्हणाले, "हिच्यापेक्षा सिग्नल सरळ." आई ओट्यावरून सगळं बघत होती. तिने तोंड धुतलं, केस विंचरले, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आली. प्लास्टिकची खुर्ची तिने स्वतः उचलून अंगणाच्या मधोमध मांडली आणि हात मांडीवर ठेवून बसली, नाटकाला आल्यासारखी.

सूर्य गेला. अजून पूर्ण अंधार नव्हता. आकाश जांभळ्या रंगाचं होतं आणि कुठूनतरी धुराचा वास येत होता. मी स्पिरिट पेटवलं. घाई केली नाही. निळी ज्योत वाटीत फिरत राहिली. मग ह्यांनी पंप मारला, मी चावी फिरवली, आणि मेंटल एकदा उसासा टाकून लाल झाली, पिवळी झाली, आणि उजळली.

अंगण एकदम जवळ आलं. जास्वंदीची पानं एकेक वेगळी दिसायला लागली. आजूबाजूच्या घरांतली माणसं आपोआप येऊन कुंपणाच्या कुडाशी उभी राहिली. आईने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, मग तो काढला. तिचा चेहरा त्या उजेडात धुतल्यासारखा दिसत होता, आणि क्षणभर मला ती माहेरी आलेली पोरगी खरोखर दिसली.

"चालवून दाखव," ती मुलीला म्हणाली.

"म्हणजे?"

"हातात धर नि चाल. हलते तेव्हा कशी दिसते ते बघू दे."

शिक्षिकेने पदर खोचला, बत्ती कडीने उचलली आणि हळूहळू कुडापर्यंत चालत गेली. झाडांच्या सावल्या तिच्याबरोबर निघाल्या. ताड निघाला, आंबा निघाला, कुडाशी उभी असलेली माणसं सावल्या होऊन घरांच्या भिंतींवरून चालत गेली. सगळं गाव कुठेतरी निघाल्यासारखं वाटलं, आवाज न करता. ती वळली, तसं सगळं पुन्हा आमच्याकडे यायला लागलं. मी जमिनीवर बसले होते आणि मला वाटत होतं, आपण बसलेलो नाही, आपणही चाललोय.

"अशी दिसायची होय," आई म्हणाली. मग लगेच, "बस. खाली ठेव आता. हात भरून येईल तुझा."

आम्ही निघालो तेव्हा बत्ती विझवून, गार करून मी कापडात गुंडाळली होती. गाडीत ठेवायला गेले, तशी आई मागून आली आणि तिने माझ्या दंडाला हात लावला.

"शिस्टर बाय, रागवू नका. राहू द्या हिला."

मी रागावले नाही. खरं सांगायचं तर आतून थोडं चुरचुरलं, कारण मी फळीवर तिची जागाही ठरवली होती, पोर्तुगालच्या शेजारी. पण कापड सोडून मी बत्ती तिच्या हातात दिली. तिने ती कडेवर घेतली. पिशवीत मेंटल होत्या तेवढ्या मी तिच्या मुलीला दिल्या आणि पंपाला महिन्यातून एकदा तेल द्यायला सांगितलं. गाडीतून तलासरीचे दिवे दिसायला लागले तेव्हा हे म्हणाले, "पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आलीस."

"हं," मी म्हटलं. मला झोप येत होती, चांगली, लहानपणी यायची तशी.

शिक्षिका वाणगावहून कधीमधी डहाणूला येते, मी तिच्याबरोबर मेंटल पाठवते. इतक्या लवकर संपतात कशा, म्हणून मागच्या आठवड्यात मी तिच्या आईला फोनच केला.

"काल लावली व्हती," ती म्हणाली.

"लाईट गेली होती का?"

"नाय. लाईट व्हती."

"मग?"

"मग लाईट मालवली," ती म्हणाली, "नि बसले."